पहिल्या पानावर कोण?

आजाराची पहिली चौकशी आता मोबाइलवर होते. तिथे वर दिसणारी माहिती बरोबर असतेच असे नाही. बरोबर माहिती वर यावी यासाठी छोट्या दवाखान्यांना, प्रयोगशाळांना आणि आरोग्यावर लिहिणाऱ्यांना काय करता येईल?

‘नागीण झाली तर काय करावे?’ हा प्रश्न पूर्वी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना, मग शेजारी आणि सर्वांत शेवटी डॉक्टरांना विचारला जाई. आता त्या रांगेत मोबाइल सगळ्यांच्या पुढे उभा आहे. प्रश्न टाइप केला की क्षणात पानांची यादी समोर येते. बहुतेक जण त्यातल्या वरच्या दोन-चार पानांपलीकडे जात नाहीत. म्हणजे त्या घरातल्या रुग्णाचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्या दोन-चार पानांवर काय लिहिले आहे यावर ठरते.

नागिणीचेच उदाहरण पुढे नेऊ. हा आजार कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की हा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वय वाढले, मधुमेहासारखा आजार जडला किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड येतात आणि आग होते. कधी कधी पुरळ येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच छातीत किंवा पाठीत एका बाजूला दुखू लागते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सर्वाधिक फायदा होतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, तर डोळ्याला धोका असू शकतो आणि नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे लागते.

आता ७२ तासांची ही मुदत आणि मोबाइलवरची यादी शेजारी ठेवून पाहा. वरच्या पानावर ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस दगावतो’ ही भीती आणि सोबत एखादा लेप किंवा मंत्र असेल, तर पहिले तीन दिवस त्यातच जातात. रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात येतो. फोड सुकतात, पण वयस्कर रुग्णांमध्ये त्या जागेचे दुखणे पुढे कित्येक महिने राहू शकते. मज्जातंतू मधल्या रेषेपाशी थांबतो, म्हणून पुरळही बहुधा तिथेच थांबते. वेढा पूर्ण होण्याचा आणि मृत्यूचा काहीही संबंध नाही. एवढी साधी गोष्ट सांगणारे सोपे मराठी पान वर असते, तर ते तीन दिवस वाचले असते.

यादी कशी तयार होते?

सर्च इंजिन प्रश्न विचारल्यानंतर इंटरनेट धुंडाळायला निघत नाही. ते काम आधीच झालेले असते. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात संगणकाचे प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर, एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर सतत फिरत असतात. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांवरचे शब्द नोंदवले जातात. जाड पाठ्यपुस्तकाच्या शेवटी सूची असते आणि ‘कावीळ’ कोणकोणत्या पृष्ठांवर आहे हे तिथे मिळते, तशीच ही सूची, फक्त अवाढव्य. तिसऱ्या टप्प्यात तुमचा प्रश्न आला की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावला जातो.

हा क्रम लावण्याची एक कल्पना संशोधनाच्या जगातून आली आहे. शोधनिबंध लिहिताना आधीच्या कामाचा संदर्भ द्यावा लागतो. एखाद्या निबंधाचा संदर्भ अनेकांनी दिला, तर तो महत्त्वाचा मानला जातो. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील संशोधन १९८२ आणि १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे या विषयावर लिहिणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांनी त्यांचा संदर्भ दिला. गाव लहान असले तरी कामाचे वजन असे ठरते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी हाच विचार वेबपानांना लावला. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्याची शिफारस करणे, आणि वजनदार पानाने केलेली शिफारस अधिक मोलाची. १९९८ मध्ये त्यांनी ही पद्धत निबंधात मांडली आणि त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली.

आज क्रम ठरवताना दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. पण एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. यंत्र पानावरचे वैद्यकशास्त्र तपासत नाही. ते खुणा तपासते. प्रश्नातले शब्द पानावर आहेत का, पान मोबाइलवर नीट उघडते का, इतर विश्वासार्ह पाने त्याकडे बोट दाखवतात का, लिहिणारा कोण आहे हे कळते का, अशा या खुणा आहेत. खोटी माहिती देणाऱ्याने या खुणा नीट सांभाळल्या आणि खरी माहिती देणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष केले, तर पहिला वर जातो.

आरोग्याच्या बाबतीत गूगलने निकष अधिक कडक ठेवले आहेत. आरोग्य आणि पैसा या विषयांच्या पानांना त्यांच्या मार्गदर्शिकेत ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ म्हणजे ‘तुमचा पैसा किंवा तुमचे आयुष्य’ असा वेगळा वर्ग आहे. अशा पानांकडून अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांची अपेक्षा ठेवली जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत मोठा बदल झाला, तेव्हा आरोग्यविषयक वेबसाइटवर त्याचा इतका परिणाम दिसला की जाणकारांत तो ‘मेडिक अपडेट’ याच नावाने ओळखला जातो.

मराठीत अडचण वेगळी आहे. इंग्रजीत एका आजारावर मोठी रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी संस्था यांची पाने असतात, त्यामुळे कच्चे पान खाली ढकलले जाते. मराठीत त्याच आजारावर मुळात चांगली पानेच थोडी. ज्या शब्दाच्या शोधाला विश्वासार्ह उत्तरच उपलब्ध नसते, त्या स्थितीला अभ्यासक ‘डेटा व्हॉइड’ म्हणतात. ही पोकळी रिकामी राहत नाही. जो पहिल्यांदा काहीतरी लिहून ठेवतो, तो तिथे बसतो.

रुग्णाच्या तोंडचा शब्द

म्हणून तालुक्याच्या गावातला त्वचारोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, चष्म्याचे दुकान किंवा पॅथॉलॉजी लॅब यांची छोटी वेबसाइट ही बिनमहत्त्वाची गोष्ट नाही. ती नीट केली तर गावातल्या लोकांना योग्य माहिती आणि योग्य पत्ता दोन्ही मिळतात. यालाच ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा ‘एसईओ’ असे भारदस्त नाव आहे. त्याची प्राथमिक तत्त्वे मात्र कोणालाही समजतील अशी आहेत.

सर्वांत पहिले तत्त्व शब्दांचे. डॉक्टर ‘हर्पिस झोस्टर’ लिहितात, रुग्ण ‘नागीण’ शोधतो. डॉक्टर ‘एपिलेप्सी’ किंवा ‘अपस्मार’ लिहितात, रुग्ण ‘फिट’, ‘आकडी’ किंवा ‘मिरगी’ शोधतो. ‘अर्टिकेरिया’ कोणी शोधत नाही. ‘अंगावर पित्त उठणे’ शोधले जाते. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण स्वतःची तक्रार ज्या शब्दांत सांगतो, तेच शब्द पानावर हवेत, आणि त्यांच्या शेजारी शास्त्रीय नाव. दिवसभरात रुग्ण जे प्रश्न विचारतात, ते एका वहीत महिनाभर लिहून ठेवा. कोणत्या विषयांवर पाने हवीत याची यादी आपोआप तयार होईल, आणि त्यासाठी कोणत्याही सल्लागाराला पैसे द्यावे लागणार नाहीत.

एका पानावर एकच विषय ठेवावा. ‘आमच्या सेवा’ या एकाच पानावर पंचवीस आजारांची नावे लिहिली, तर ते पान कोणत्याच प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. नागिणीचे पान वेगळे, खरजेचे वेगळे, सोरायसिसचे वेगळे.

दुसरे तत्त्व शीर्षकाचे. यादीत निळ्या अक्षरांत दिसते ते पानाचे शीर्षक. अनेक दवाखान्यांच्या वेबसाइटवर तिथे नुसते ‘होम’ असते किंवा प्रत्येक पानावर दवाखान्याचेच नाव असते. त्याऐवजी ‘नागीण (हर्पिस झोस्टर): लक्षणे, उपचार आणि पहिले तीन दिवस’ असे शीर्षक दिले, तर यंत्राला आणि माणसाला दोघांनाही पानात काय आहे ते कळते. शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनामुळे क्रम थेट वर जात नाही, पण वाचणारा पान उघडेल की नाही हे त्यावर ठरते. पूर्वी पानाच्या कोडमध्ये शब्दांची लांबलचक यादी लपवून ठेवण्याची पद्धत होती. गूगल ती यादी विचारात घेत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केले आहे. आजही कोणी त्यासाठी पैसे मागत असेल, तर ते वाया जातील.

तिसरे तत्त्व खास आपल्याकडचे. बरेच दवाखाने माहितीचे सुंदर पोस्टर बनवून घेतात आणि त्याचा फोटो वेबसाइटवर टाकतात. त्या फोटोतल्या अक्षरांवर यादीत येण्यासाठी भरवसा ठेवता येत नाही, आणि ज्या अंध व्यक्ती मोबाइलकडून मजकूर वाचून घेतात त्यांनाही ती मिळत नाहीत. तसेच छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा वेबसाइटवर चिकटवला, तर आत प्रत्यक्षात रोमन अक्षरांची खिचडी असते. मजकूर युनिकोड मराठीतच हवा. तपासणी सोपी आहे: पानावरचा एक शब्द बोटाने निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसला तर ठीक. फोटो वापरायचे असतील तर प्रत्येकाला एका ओळीचे वर्णन द्यावे. ‘नागीण: छातीच्या डाव्या बाजूला पट्ट्यासारखे फोड’ एवढे पुरते.

चौथे तत्त्व ओळखीचे. पानावर लेखकाचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख असावी. औषधाच्या चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर आपण ती ग्राह्य धरत नाही. आरोग्याच्या पानालाही तोच नियम लावावा.

पाचवे तत्त्व वेगाचे. आपल्याकडे बहुतेक लोक मोबाइलवर पाहतात, आणि गूगलही सूची बनवताना पानाचे मोबाइलवरचे रूपच विचारात घेते. कॅमेऱ्यातून काढलेले मोठमोठे फोटो तसेच चढवले, तर कमकुवत नेटवर्कच्या गावात पान उघडत नाही. फोटो लहान करून चढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पत्ता, वेळ आणि दूरध्वनी

‘माझ्याजवळचा हाडांचा डॉक्टर’ अशा शोधात नकाशा आधी दिसतो. तिथला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणे, अंतर आणि त्या जागेची ख्याती. यासाठी गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. नाव, पत्ता, फोन नंबर आणि वेळा यांची माहिती वेबसाइटवर, नकाशावर आणि दारावरच्या पाटीवर अगदी एकसारखी हवी. वेळ बदलली, दवाखाना हलला किंवा सुट्टी असली तर नोंद त्याच दिवशी बदलावी. तीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या रुग्णाला बंद दार दिसणे म्हणजे त्याची दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही जाणे.

दुव्यांबाबत एवढेच सांगता येईल की ते मिळवावेत, विकत घेऊ नयेत. शाळेत दंततपासणी शिबिर घेतले, तर शाळेच्या वेबसाइटवर त्याची नोंद आणि दुवा येणे स्वाभाविक आहे. व्यावसायिक संघटना, स्थानिक महाविद्यालय, स्वयंसेवी संस्था यांच्याकडूनही असे दुवे येतात. पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेणाऱ्यांविरुद्ध गूगलने २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने मोठी मोहीम उघडली. अशा दुव्यांचा उपयोग होत नाहीच, उलट साइट खाली जाण्याची भीती असते. ‘नागीण उपचार, नागीण उत्तम उपचार, नागीण स्वस्त उपचार’ असा एकच शब्द दहादा घोळवणे, दुसऱ्याचा मजकूर उचलणे, ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेणे हे सर्व याच वर्गातले.

पान सूचीत आले आहे की नाही हे ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनावर कळते. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्या पानापर्यंत आले, हेही तिथे दिसते. परिणाम दिसायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. ‘एका महिन्यात पहिला क्रमांक, हमखास’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

कायद्याची मर्यादा

मिठाईच्या दुकानाने स्वतःला गावात सर्वोत्तम म्हटले तर बिघडत नाही. आरोग्यसेवेला ती मोकळीक नाही. १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांसारखे ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. डॉक्टरांच्या वर्तनासाठी २००२ पासून लागू असलेल्या नियमावलीत रुग्ण खेचून आणण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ बंद राहणे, फी जाहीर करणे अशा सूचना देता येतात. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीवर तर कायद्याने संपूर्ण बंदी आहे, आणि सर्च इंजिनांवर अशा जाहिराती दिसू नयेत यासाठी सर्वोच्च न्यायालयात २००८ पासून जवळपास नऊ वर्षे खटला चालला. तेव्हा डॉक्टरांच्या वेबसाइटवर स्तुती कमी आणि माहिती जास्त असावी. सर्च इंजिनलाही नेमके तेच हवे असते, ही चांगली गोष्ट.

वाचणाऱ्यांनी काय पाहावे?

यादी कशी तयार होते हे कळले की ती वाचण्याची पद्धतही बदलते. पुढची माहिती शोधताना या गोष्टी पाहाव्यात.

• वरच्या निकालावर ‘प्रायोजित’ असे लिहिले असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे.
• लिहिणाऱ्याचे नाव, पदवी आणि तारीख आहे का? नसेल तर पुढच्या पानाकडे जा.
• पान शेवटी काही विकते आहे का? आजाराची भीती आणि त्याच पानावर ‘आत्ताच मागवा’ हे दोन्ही असेल तर सावध व्हा.
• ‘शंभर टक्के’, ‘कायमचा’, ‘मुळापासून’, ‘दुष्परिणाम नाहीत’ हे शब्द प्रामाणिक वैद्यकीय लिखाणात सहसा नसतात.
• तीच गोष्ट जागतिक आरोग्य संघटना, सरकारी आरोग्य विभाग किंवा वैद्यकीय महाविद्यालय सांगते का, हे एकदा पडताळा.
• २०२४ पासून आपल्याकडेही यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. तो अशाच पानांतून उचललेला असतो. पान चुकीचे असेल तर सारांशही चुकू शकतो, म्हणून त्याखालची मूळ पाने उघडून पाहा.

काही वेळा मात्र शोधत बसूच नये. छातीत दडपण येऊन घाम फुटणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, धाप लागणे, सर्पदंश यांत प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तिथे १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. कुत्रा चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावे. मिरची, चुना, हळद यांचे उपाय वाचण्यात वेळ घालवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.

आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. तुमच्या विषयातला, रुग्ण सर्वाधिक विचारतात तो एक प्रश्न निवडा. त्याचे उत्तर साध्या मराठीत, पाच-सहाशे शब्दांत, नावानिशी आणि तारखेनिशी लिहा. वर्षातून एकदा ते तपासा. एका तालुक्यातल्या दहा जणांनी असे केले, तर दहा आजारांवर मराठीत दहा खरी पाने तयार होतील. नागिणीच्या पानापासून सुरुवात करायला हरकत नाही. रात्री अकरा वाजता कोणीतरी ते शोधत असेल आणि त्याच्या ७२ तासांपैकी बरेच तास अजून शिल्लक असतील.